हमालाची हक्करजा आणि कामाचे तास

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याच्या डोंगरी मुलखातून मुंबईच्या गोद्यांत हमालीस गेलेल्या कष्टकऱ्यांची संघटना त्याच तालुक्याचे अण्णासाहेब पाटील यांनी बांधली आणि तिच्या लढ्यातूनच 1969 चा माथाडी (म्हणजे डोक्या-पाठीवर ओझे वाहणाऱ्या) कामगारांचा कायदा साकार झाला. सांगलीच्या पेठेत हळदीचे पोते पाठीवर घेणाऱ्या हमालास कायमचा असा धनी नसतो. म्हणून व्यापाऱ्याने मजुरी व तीवरील लेव्ही (ठरावीक टक्क्यांची जादा रक्कम) मालक, कामगार व सरकार यांच्या त्रिपक्षीय मंडळात भरावी आणि मंडळाने त्यातून पगार, भविष्यनिर्वाह निधी, बोनस व भरपगारी रजा द्यावी, ही त्या कायद्यातील तजवीज खरोखर दूरदर्शी होय.

कामाच्या तासांबाबतचा कारखान्यांपुरता प्रस्ताव मात्र चिंताजनक वाटतो. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दैनिक कामाची मर्यादा 9 वरून 12 तासांवर नेण्यास मंजुरी दिली. त्या प्रस्तावानुसार जादा कामास कामगाराची लेखी संमती आवश्यक आहे. सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतील कामगारांनी त्या संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ते अक्षर न् अक्षर वाचून घ्यावे.