रंगांची साक्ष

मुलांनो, पुण्याहून साताऱ्याकडे जाताना चेलाडी फाट्यावर नसरापूरचा रस्ता लागतो. नसरापूरजवळ बनेश्वर येथे शिवगंगा नदीचा धबधबा आहे. पावसाळ्यात ऊन पडले असताना सूर्याकडे पाठ करून तेथे उभे राहा. उडणाऱ्या तुषारांत तुम्हांला रंगांचा पट्टा दिसू शकेल.

हे रंग कोठून आले? पाण्याला तर रंग नाही. सुमारे सातशे वर्षांपूर्वी इराणमधील कमालुद्दीन फारसी यांनाही हाच प्रश्न पडला होता. त्यांनी पाण्याने भरलेला काचेचा गोल घेतला, त्यालाच पावसाचा मोठा थेंब मानले आणि त्यात प्रकाश कसा वळतो हे तपासले. पुढे १६६६ च्या सुमारास न्यूटनने काचेच्या लोलकातून ऊन जाऊ दिले. रंग पाण्यात किंवा काचेत नसून उन्हातच असतात, हे त्याने दाखवले. रंगांच्या या पट्ट्याला वर्णपट म्हणतात आणि तो मोजणाऱ्या यंत्राला वर्णपटमापी म्हणतात.

साधा वर्णपटमापी तुम्हीही करू शकता. बुटांच्या रिकाम्या खोक्याच्या एका टोकाला बारीक फट पाडा. दुसऱ्या टोकाला जुनी सीडी तिरपी बसवा. तिची चकचकीत बाजू फटीकडे असावी. सीडीच्या वर, झाकणाला एक भोक पाडा आणि त्यातून आत पाहा. सीडीवर एका मिलिमीटरमध्ये सुमारे ६२५ सूक्ष्म रेषा असतात. त्या प्रकाशातील रंग वेगळे करतात. मात्र फट सूर्याकडे कधीही धरू नका. डोळ्यांना इजा होईल.

आता फट आधी पिवळ्या उजेडाच्या जुन्या बल्बकडे धरा. रंग एकमेकांत मिसळलेले, सलग दिसतील. मग ट्यूबलाइटकडे धरा. काही रंग ठळक आणि काही फिके दिसतील. म्हणूनच दुकानात ट्यूबलाइटखाली निवडलेल्या कापडाचा रंग घरी उन्हात वेगळा वाटतो. जे रंग कापडावर पडतात, तेच ते परत पाठवू शकते. त्यामुळे रंग मोजताना आधी विचारावे लागते, ‘उजेड कोणता आहे?’ चांगल्या यंत्रात प्रकाशाचा दिवाही ठरावीक गुणांचा असतो.

प्रत्येक मूलद्रव्याचे रंग ठरलेले असतात. ज्योतीवर मिठाचा कण पडला की ज्योत पिवळी होते. ती मिठातील सोडियमची खूण. २०२३ मध्ये चंद्रयान-३ च्या प्रज्ञान या गाडीने चंद्राच्या मातीवर लेसरचा झोत टाकला. त्या तापाने मातीची वाफ होऊन जो उजेड निघाला, त्याच्या वर्णपटात गंधकाची खूण सापडली. पूर्वी अशा यंत्राला आख्खे टेबल लागे. आज डोळ्याऐवजी कॅमेऱ्यासारखी चकती रंग टिपते. त्यामुळे वर्णपटमापी तळहातावर मावेल एवढा छोटा झाला आहे.

काही कामांना तर सगळे रंग लागतही नाहीत. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तुम्ही पाहिला असेल. त्यात एक लाल दिवा असतो आणि दुसरा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा. प्राणवायूने भरलेले रक्त लाल प्रकाश जास्त जाऊ देते, प्राणवायू कमी असलेले रक्त तो जास्त शोषते. दोन्ही प्रकाशांची तुलना करून यंत्र आकडा सांगते. बोटात हाडही असते आणि कातडीही. मग यंत्राला फक्त रक्त कसे कळते? नाडीबरोबर जो प्रकाश कमीजास्त होतो, तेवढाच ते मोजते. ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडली.

२०२० मध्ये करोनाच्या साथीत ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आरोग्य पथके महाराष्ट्रात घरोघर फिरली. त्यांच्याजवळ हे छोटे यंत्र होते. काही रुग्णांना धाप लागत नसे, चेहराही नेहमीसारखा असे. पण रक्तातील प्राणवायू मात्र घटलेला असे. डोळ्यांना जे दिसले नाही, ते दोन दिव्यांनी सांगितले आणि रुग्णाला वेळेवर दवाखान्यात नेता आले.

अर्थात यंत्रही चुकू शकते. नखांना रंग असेल किंवा बोट गार असेल, तर आकडा फसवा येतो. म्हणून हात ऊबदार करून, नखे स्वच्छ करून पुन्हा मोजावे आणि शंका असेल तर डॉक्टरांना विचारावे.

मुलांनो, प्रकाश खरी साक्ष देतो; पण ती ऐकताना आपण सावध असले पाहिजे.