पदार्थांत दडलेला गहूं

पाहुण्याच्या ताटांत भाकरीऐवजीं पोळी वाढणें हें मराठवाड्यांत पुष्कळ काळ आदरातिथ्याचें लक्षण मानलें गेलें. असें हें मानाचें धान्य एखाद्या मुलाच्या जिवावर उठूं शकतें, ही गोष्ट ऐकणाऱ्यास सहसा पटत नाहीं. परंतु वैद्यकशास्त्रानें ती निःसंशय ठरविली आहे. ह्या विकारास सिलिॲक रोग म्हणतात. ज्यास तो जडला त्यानें गहूं जन्मभर वर्ज्य करणें हा त्यावर एकच उपाय आहे. आणि गहूं वर्ज्य करणें म्हणजे केवळ पोळी सोडणें नव्हे, हें ह्या विषयाचें मर्म होय.

गव्हांत ग्लूटेन नांवाचें प्रथिन असतें. मूठभर मैदा घट्ट भिजवून थोड्या वेळानें पाण्याच्या धारेखालीं चोळून धुतला, तर पांढरें सत्त्व वाहून जातें आणि हातांत रबरासारखा चिवट गोळा उरतो. तेंच हें ग्लूटेन. त्याच्या चिवटपणामुळें पोळी लाटतां येते व पाव फुगतो. ज्वारींत तें नसतें. म्हणून ज्वारीचें पीठ आधणाच्या पाण्यांत मळावें लागतें आणि भाकरी हातानें थापावी लागते. जव आणि राय ह्या धान्यांतहि ह्याच जातीचीं प्रथिनें असतात. कांहीं माणसांचें शरीर ह्या प्रथिनास शत्रु समजतें आणि त्याच्याशीं झुंजतांना स्वतःच्याच लहान आंतड्याचें अस्तर झिजवितें. अन्नरस शोषून घेणारे अस्तरावरील सूक्ष्म अंकुर सपाट होतात. मग पोटभर जेवूनहि मूल वाळत जातें, त्याची उंची खुंटते, पोट फुगतें, जुलाब हटत नाहींत. मोठ्या माणसांत कित्येकदां पोटाची तक्रारच नसते. केवळ लोहाच्या गोळ्यांस दाद न देणारा पांडुरोग दिसतो.

इ. स. १८८८ मध्यें सॅम्युएल जी ह्या इंग्रज डॉक्टरानें ह्या रोगाचें वर्णन केलें आणि तो बरा झालाच तर आहारानेंच होईल असें मत दिलें. मात्र अपायकारक अन्न कोणतें, हें त्यास उमगलें नव्हतें. तें शोधून काढण्याचें श्रेय हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके ह्यांस दिलें जातें. गव्हाविषयीं त्यांस संशय होताच. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत युद्धामुळें हॉलंडांत उपासमार झाली व पाव दुर्मिळ झाला; ह्या काळानें त्यांच्या संशयास बळकटी आणली. पुढें १९५० सालीं उत्रेख्त येथें सादर केलेल्या प्रबंधांत त्यांनीं गहूं हेंच कारण असल्याचें दाखवून दिलें.

रोगाचा संशय आल्यास प्रथम रक्ताची तपासणी व जरूर तर दुर्बिणीनें आंतड्याच्या अस्तराची परीक्षा करावी लागते. तोंवर गहूं बंद करूं नये. आधींच पथ्य धरलें तर रक्तांतील खुणा पुसट होतात आणि निदान चुकतें. रोग निश्चित झाल्यावर आईबाप व भावंडें ह्यांचीहि तपासणी करून घ्यावी, कारण हा दोष घराण्यांतून येतो.

जालना जिल्ह्यांतील घरास ह्या पथ्यांत एक मोठी सोय आहे. शहरांतील रोगी जें महाग पुड्यांतून विकत आणतो, तें येथें शेतांत पिकतें. ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ, डाळी, भुईमूग, तीळ ह्यांत ग्लूटेन नाहीं. जालन्याच्या दगडी ज्वारीस तर भौगोलिक मानांकनहि लाभलें आहे. उपवासाची भगर, राजगिरा, शिंगाडा व साबुदाणाहि निर्धोक. मात्र कपाशी व सोयाबीन ह्यांनीं ज्वारीचीं शेतें व्यापलीं, रेशनच्या दुकानांतून गहूं घरोघर आला आणि भाकरी मागें पडली. खपली गहूं जुन्या जातीचा, म्हणून चालतो, अशी एक समजूत आहे. ती घातक आहे. खपली, रवा, मैदा, दलिया, शेवया हीं सारीं गव्हाचींच रूपें.

पोळी डोळ्यांस दिसते, म्हणून टाळतां येते. न दिसणारा गहूं टाळणें हें खरें काम. त्यांत पहिला मान हिंगाचा. मूळ हिंगाचा चीक अतिशय उग्र असतो. म्हणून त्यांत डिंक व बहुधा मैदा किंवा गव्हाचें पीठ मिसळून तो विकतात. व्यापारी त्यास बांधानी हिंग म्हणतात. त्याची चिमूट फोडणींत पडली कीं निर्धोक वरणहि सदोष होतें. तांदळाच्या पिठांतील हिंग मिळतो. डब्यावर तसें स्पष्ट लिहिलें असेल तरच तो घ्यावा. एरवीं जिरें, लसूण व ओवा ह्यांवर भागवावें.

दुसरें स्थान फरसाणाचें. शेव हरभऱ्याच्या पिठाची, तेव्हां ती चालेल, असें वाटतें. परंतु ज्या तेलांत समोसे व शंकरपाळे तळले त्याच तेलांत ती पडते. चिवड्याचे पोहे तांदळाचे, पण मसाल्यांत हिंग. उडदाच्या पापडांतहि हिंग. कुरडईचा चीक पांढरा शुभ्र दिसला तरी तो भिजविलेल्या गव्हाचाच असतो. कॉर्नफ्लेक्स मक्याचे असले तरी चवीसाठीं त्यांत जवाचें माल्ट असूं शकतें. सोया सॉसमध्यें बहुधा गहूं असतो, आणि सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा तर रव्याचाच.

तिसरें स्थान गिरणीचें. गव्हामागून ज्वारी दळली, तर जात्यांत राहिलेलें गव्हाचें पीठ ज्वारींत उतरतें. घरघंटी असल्यास ती केवळ ह्या धान्यांसाठीं राखावी. नसल्यास घरच्या दगडी जात्यावर दळावें. गिरणीशिवाय इलाज नसेल, तर गिरणी झाडून घेऊन सकाळचें पहिलें दळण आपलें टाकावें आणि आरंभीचें शेर-दोन शेर पीठ इतरांसाठीं बाजूस काढावें. तथापि ह्यानें धोका कमी होतो, नाहींसा होत नाहीं.

एवढी सावधगिरी कशासाठीं, अशी शंका येईल. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणें ग्लूटेनमुक्त म्हणविणाऱ्या एक किलो पदार्थांत २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असूं नये. गव्हाच्या पिठाचा सुमारें दहावा भाग ग्लूटेन धरला, तर किलोभर पदार्थांत गव्हाच्या पिठाची लहानशी चिमूटच ही मर्यादा गांठते. बंद पुड्यावर गहूं असल्याचा उल्लेख करणें उत्पादकास बंधनकारक आहे. म्हणून बारीक अक्षरहि वाचावें. सुट्या फरसाणावर कांहींच लिहिलेलें नसतें. तें वर्ज्यच समजावें.

खाऊ घरींच करणें हा ह्यावर उत्तम तोडगा. ज्वारीच्या लाह्या, भाजलेले शेंगदाणे, कढीलिंब, हळद व मीठ ह्यांचा चिवडा थोडक्या वेळांत होतो. हरभऱ्याची डाळ घरीं दळून ओवा व तिखट घातलेली शेव हिंगावांचूनहि खमंग लागते. थालीपिठाच्या भाजणींत बहुतेक घरीं गहूं पडतो. त्याऐवजीं ज्वारी ४ वाट्या, बाजरी २ वाट्या, तांदूळ व हरभऱ्याची डाळ प्रत्येकीं १ वाटी, उडदाची डाळ व धणे प्रत्येकीं अर्धी वाटी आणि थोडें जिरें निरनिराळें भाजून दळावें. धपाट्यांतील कणीक वगळून ज्वारीच्या पिठांत बेसन घालावें व गरम पाण्यांत मळावें. बाजरीच्या खारोड्या, ज्वारीचे पापड व तांदळाच्या कुरडया उन्हाळ्यांतच करून ठेवाव्यात. गोडास राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की व दिवाळींत अनारसे आहेतच. परात, चाळणी, तवा व तळण्याचें तेल हीं मात्र कणकेपासून वेगळीं राखावीं.

ह्या पथ्यांत खरी कसोटी मुलाच्या मनाची लागते. वर्गांत डबा फिरतो, वाढदिवसास केक येतो, लग्नाच्या पंगतींत जिलबी वाढतात. प्रत्येक वेळीं त्यालाच नको म्हणावें लागतें. एक दिवस खाल्ल्यानें काय होतें, असें म्हणणारे वडीलधारे अशा वेळीं शत्रूचेंच काम करतात, कारण त्या एका घासानें आंतड्याचें अस्तर पुन्हां दुखावतें. निदान रात्रीच्या जेवणांत तरी घरांतील सर्वांनीं भाकरी खावी. मग मुलाचें ताट वेगळें मांडावें लागणार नाहीं, एकाच पिठावर स्वयंपाक होईल आणि चुकीचा घास जाण्याची भीतिहि उरणार नाहीं.