बाहेर पडायचं दार आधी बघा!

कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि माझ्या मोबाईलवरचं ट्रेडिंगचं ॲप अडकलं. सकाळी ६०० रुपयांना घेतलेले ५० शेअर विकायचे होते, पण पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं. वीस मिनिटांनी ॲप सुरू झालं तेव्हा भाव ५८३ वर आला होता. साडेआठशे रुपये गेले!

"भेंडी घेताना एकेक मोडून बघतेस, ॲप घेताना काय बघितलंस गं?" ह्यांनी विचारलं. खरं सांगू? नुसते रंग बघितले होते.

मैत्रिणींनो, तेव्हापासून मी चार गोष्टी तपासते. पहिली म्हणजे चार्ट. भावाच्या कँडल आणि खाली व्हॉल्यूम स्पष्ट दिसलं की पुरे. इंडिकेटरची गर्दी केली की डोकं चक्रावतं.

दुसरी, ऑर्डरची खिडकी. 'मार्केट' ऑर्डर मिळेल त्या भावाला होते. 'लिमिट' ऑर्डर आपण सांगितलेल्या किंवा त्याहून चांगल्या भावालाच होते, नाहीतर होतच नाही. ऑर्डर पाठवण्याआधी ॲपने "नक्की?" असं एकदा विचारलेलं बरं.

तिसरी, स्टॉप लॉस सहज लावता येतो का? ही ऑर्डर एकदा शेअर बाजाराकडे नोंदली गेली की आपला मोबाईल बंद पडला तरी तिथे राहते. मी ५९४ चा स्टॉप लॉस लावला असता, तर साधारण तीनशेवर निभावलं असतं. भाव एकदम कोसळला तर मात्र जास्तही जाऊ शकतं.

चौथी, मागचं दार. ॲप अडकलं तर ब्रोकर फोनवर ऑर्डर घेतो का, त्याचे किती पैसे लावतो, हे आधीच विचारा आणि तो नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. ब्रोकरची सगळीच यंत्रणा कोलमडली तर ऑक्टोबर २०२३ पासून 'आयआरआरए' ही सोय आहे. तिथे जुने सौदे बंद करता येतात, नवीन मात्र करता येत नाहीत. आणि बिघाड काय, कुठेही होतो! २४ फेब्रुवारी २०२१ ला तर राष्ट्रीय शेअर बाजारच जवळजवळ चार तास बंद पडला होता.

आता शेवटचं, पण मोलाचं. सेबीच्या पाहणीनुसार २०२२-२३ मध्ये इंट्राडे करणाऱ्या दर दहांपैकी सात जणांना तोटा झाला. चांगलं ॲप नफा मिळवून देत नाही, फक्त आपली चूक महाग पडू देत नाही. म्हणून नवीन ॲपवर मी आधी एकच शेअर घेते, विकते, स्टॉप लॉस लावून बघते. आणि हो, कुकर गॅसवर असताना सौदा करायचा नाही, हा नियम आता पक्का केलाय!