काळ्या रानातलं चाक

चार दिवसांची झड लागली की गंगापूर-वैजापूरकडच्या काळ्या रानात मोटारसायकल वाहन राहत नाही, ओझं होते. पुढच्या मडगार्डमध्ये चिखल ठासून भरतो, चाक जाम होतं आणि इंजिन कितीही ओरडलं तरी गाडी जागची हलत नाही. मग स्वार उतरतो, काडीने नाहीतर पान्याने चिखल उकरतो, दहा पावलं जातो आणि पुन्हा उकरतो. ज्या जिल्ह्यात १९८५पासून लाखो दुचाकी तयार झाल्या, त्याच जिल्ह्यातली ही गोष्ट आहे. म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या दुचाकीचा मागोवा इंजिनाच्या ताकदीवरून न घेता, जमिनीला टेकणाऱ्या भागावरून घेतलेला बरा.

आधी जमीन. दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन ही काळी माती झाली. तिच्यातली चिकणमाती मॉन्टमोरिलोनाइट गटातली, म्हणजे पाणी पिऊन फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी. ओली असताना ती चाकाला दोन बाजूंनी छळते. खालून आधार देत नाही म्हणून चाक रुततं, आणि लागलेली सुटत नाही म्हणून चाक माखतं. शेतकरी पेरणीसाठी वाफशाची वाट बघतो, ती चाकालाही बघावी लागते. मात्र याच शहरातून खुलताबाद, म्हैसमाळ किंवा गौताळ्याकडे गेलं की पायाखाली मुरूम आणि दगड येतात. तिथे चिकटण्याचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो धक्के खाण्याचा आणि घसरण्याचा. दोन्ही जमिनी एकाच जिल्ह्यात, आणि दोन्हींच्या मागण्या एकमेकींच्या उलट.

मोटार येण्याआधी या काळ्या मातीला सुताराने उत्तर दिलं होतं. बैलगाडीचं लाकडी चाक माणसाच्या छातीला लागेल एवढं उंच असे, आणि त्यावर लोखंडाची अरुंद धाव चढवलेली असे. उंच चाक खड्डा सहज ओलांडतं. अरुंद धाव वरचा रेंदा कापून खालच्या घट्ट थरापर्यंत जाते. आऱ्यांमधून चिखल गळून पडतो, कारण त्याला अडवायला मडगार्डच नसतं. पण हीच धाव डांबरी रस्त्यावर आली की रस्ता फोडू लागे. पुढे ऊस वाहायला रबरी टायरच्या गाड्या आल्या. बंगळुरूच्या आयआयएमचे एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेसाठी १९७०च्या दशकापासून देशभर पाठपुरावा केला. हवेच्या टायरमुळे पक्क्या रस्त्यावर तेवढ्याच बैलांना जास्त ओझं ओढता येऊ लागलं, आणि मराठवाड्यातून कारखान्यांवर जाणाऱ्या ऊसतोड कुटुंबांच्या बोलण्यात ‘टायरगाडी’ हा शब्द रुळला. ओल्या काळ्या रानात मात्र जुनं लाकडी चाकच सरस ठरे. रस्ता आणि रान यांतलं एक निवडावं लागतं, हा हिशेब तेव्हापासूनचा आहे.

मग दुचाकी आली. फिरोदियांच्या कायनेटिकची लुना १९७२ साली शेजारच्या अहमदनगरात तयार होऊ लागली. उंच बांध्याची राजदूत दूधवाल्यांची लाडकी झाली. बजाजची चेतक घरोघरी पोचली, पण तिची १० इंची चाकं आणि भोवतीचं बंदिस्त पत्र्याचं अंग काळ्या चिखलात सगळ्यांत आधी हार मानत.

१९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि तेव्हाचं औरंगाबाद दुचाकीचं गाव झालं. १९८६ मध्ये एम-८० आणि कावासाकी बजाज केबी-१०० बाजारात आल्या, १९९१ मध्ये फोर-एस चॅम्पियन, १९९७ मध्ये बॉक्सर. अनुरंग जैन यांचा एंड्युरन्स उद्योगही १९८५ मधलाच. अॅल्युमिनियमच्या ओतकामापासून निघून तो पुढे शॉकअॅब्सॉर्बर, क्लच आणि ब्रेकपर्यंत गेला. तरंग जैन यांचा व्हॅरॉक समूहही इथूनच वाढला. वाळूज आणि चिकलठाण्याच्या वर्कशॉपमध्ये लेथ, वेल्डिंग आणि जिग शिकलेल्या पिढीला सुटा भाग म्हणजे दुकानातून आणायची वस्तू एवढंच वाटत नव्हतं. तो कापता येतो, वाढवता येतो, हे हातांना कळलेलं होतं.

गावोगावच्या गॅरेजमध्ये तेव्हापासून जे बदल होत आले, ते मोजकेच आणि नेमके आहेत. पहिला मडगार्डचा. पावसाळा लागला की पुढचं मडगार्ड काढून ठेवायचं, नाहीतर खाली वॉशर आणि पट्ट्या देऊन वर उचलायचं. टायर आणि पत्रा यांत दोन बोटं जागा जास्त मिळाली की चिखलाला पडायला वाट होते. किंमत एवढीच, की सगळा चिखल स्वाराच्या अंगावर आणि हेडलाइटवर येतो.

दुसरा बदल बटण टायरचा. उंच, सुट्या बटणांमध्ये मोकळी जागा असते, त्यामुळे बटण मातीत रुतून पकड घेतं आणि चाक फिरताना मधला चिखल फेकला जातो. बटणं जवळजवळ असतील तर मधल्या खाचा भरतात आणि टायर पुन्हा गुळगुळीत होतो. डांबरावर हाच टायर घों-घों आवाज करतो, लवकर झिजतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की जमिनीला कमी टेकत असल्याने दगा देऊ शकतो.

तिसरा चेन-सॉकेटचा. मागचं चक्र जास्त दात्यांचं किंवा पुढचं कमी दात्यांचं बसवलं की चाकावर ओढ वाढते आणि रुतलेली गाडी क्लच न जाळता बाहेर येते. पण हमरस्त्यावर साठच्या वेगाला इंजिन ऐंशीचं ओरडतं आणि पेट्रोल जास्त पितं. चौथा बदल फुकटचा, तो हवेचा. टायर जमिनीवर साधारण आतल्या हवेच्या दाबाइतकाच दाब देतो. ३० पीएसआयची हवा १५ वर आणली तर टेकणारा भाग जवळपास दुप्पट होतो आणि चाक कमी रुततं. मात्र ट्यूबच्या टायरमध्ये हवा फार कमी केली की टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्हचा देठ उपटला जातो.

ही कोंडी फक्त मराठवाड्याची नाही. बर्फाच्या देशांत ती शंभर वर्षांपासून सोडवली जाते आहे. झार दुसऱ्या निकोलसच्या मोटारी बर्फात चालाव्यात म्हणून अडॉल्फ केग्रेस यांनी मागच्या चाकांच्या जागी पट्टा बसवला. तीच युक्ती पुढे सिट्रॉएनने उचलली, आणि १९३१ मध्ये त्यांच्या पट्टेवाल्या मोटारी श्रीनगरहून गिलगिटकडे हिमालय चढल्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या एनएसयूने पुढे मोटारसायकलचं चाक आणि मागे पट्टे असलेलं वाहन काढलं. रशियातल्या काळ्या मातीच्या चिखलातही ते वापरलं गेलं. कॅनडात बोंबार्डिए यांची स्की-डू १९५९ मध्ये आली. जमिनीवरच्या वाहनांचा शास्त्र म्हणून अभ्यास करणाऱ्या मिएचिस्वाफ बेकर यांनी दाखवून दिलं की मऊ जमिनीत आखूड-रुंद टेक्यापेक्षा लांब-अरुंद टेका कमी अडतो. चंद्रावर १९७१ मध्ये चाललेल्या गाडीच्या जाळीदार चाकांमागे त्यांचंच काम होतं.

आजची स्नो बाइक हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा. साध्या डर्ट बाइकचं पुढचं चाक काढून स्की लावतात, आणि मागे चाकाच्या जागी रबरी पट्टा. अमेरिकेतल्या आयडाहोमधली टिंबरस्लेड ही कंपनी या किटमुळे नावारूपाला आली आणि २०१५ मध्ये पोलारिसने ती विकत घेतली. पट्ट्याची घडण पाहिली की बटण टायरचीच आठवण होते. दाबून घट्ट झालेल्या बर्फाच्या वाटेवर एक-दीड इंच उंचीचे रबरी दाते पुरतात, ताज्या भुसभुशीत बर्फात अडीच-तीन इंचांचे लागतात. उंच दाते कडक वाटेवर वाकतात, थरथरतात आणि ताकद खातात. पट्ट्याला भोकं पाडली तर तो हलका होतो आणि बर्फ बाहेर पडतो. कडेचे दाते ठेंगणे ठेवले तर गाडी मोटारसायकलसारखी कलते. कडक वाटेवर आणखी एक अडचण येते. पट्टा ज्या प्लास्टिकच्या पट्टीवरून सरकतो, तिला उडणाऱ्या बर्फानेच गारवा मिळतो. तिथे बर्फ उडत नाही म्हणून वाट खरवडणारे तारेचे काटे मुद्दाम लावावे लागतात.

२०२१च्या डिसेंबरमध्ये रॉयल एनफिल्डच्या दोन हिमालयन मोटारसायकली दक्षिण ध्रुवावर पोचल्या. त्यांच्यात केलेले बदल वाचून वैजापूरच्या कुठल्याही मेकॅनिकला ओळखीचं हसू आलं असतं. पुढचं सॉकेट १५ दात्यांवरून १३ वर आणलं होतं, खिळ्यांचे टायर चढवले होते, आणि हवा अगदी कमी ठेवता यावी म्हणून ट्यूबलेस चाकं दिली होती.

गावात हे चालू असताना कारखान्यातली दुचाकी मात्र उलट्या दिशेने निघाली होती. डिसेंबर २०००मध्ये पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली आणि वाड्यावस्त्यांपर्यंत डांबर गेलं. २००१ मध्ये बजाजचीच पल्सर आली, आणि तरुणांना वेग, डिस्क ब्रेक, अलॉय व्हील आणि रुंद टायर हवेसे वाटू लागले. यात चूक काही नव्हती. वर्षातले दहा महिने दुचाकी डांबरावरच धावते, आणि तिथे ही गाडी जास्त सुरक्षित आहे. पण टायर रुंद झाला, मडगार्ड टायरला आणखी चिकटलं आणि चिखलाची वाट बंद झाली. खडबडीत रस्त्यांसाठी कणखर ठरलेली बॉक्सर आफ्रिकेत बोडा-बोडा म्हणजे दुचाकी-टॅक्सी चालकांची पोटाची गाडी बनली. देशात त्या धाटणीची आठवण २०२१ मध्ये सीटी-११०एक्सने करून दिली. तिला उंच बांधा, मागे कॅरियर आणि थोडी बटणं असलेले टायर होते. हे बदल खेड्यातल्या गॅरेजमध्ये आधीच झालेले होते, कंपनीने ते नवीन गाडीवर बसवून दिले.

नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. डांबर गावापर्यंत पोचलं तरी गावापासून शेतापर्यंतचा शेवटचा तुकडा उरतो, याची ती कबुलीच आहे. त्या तुकड्यावर मुरूम आणि खडी पडली तर चाकात काहीच बदलावं लागत नाही. काळ्या मातीवरची सगळ्यांत चांगली सुधारणा रस्त्यात करायची असते, हे अभियंत्यांना पटायला वेळ लागला नाही. वाटप आणि वाद यांत मात्र वेळ जातो. तोवर बटण टायर आणि वॉशर आहेतच.

आता संभाजीनगर पुन्हा वळणावर आहे. ऑरिक या नव्या औद्योगिक नगरीत विजेच्या दुचाकींचे कारखाने येऊ घातले आहेत. बिनआवाजाची मोटर जागेवरूनच पूर्ण ओढ देते, त्यामुळे चेन-सॉकेटची जुनी खटपट कदाचित संपेल. पण १२ इंची चाकं आणि बंदिस्त अंग घेऊन आलेली स्कूटर गोदाकाठच्या रानात चेतकच्याच गतीला जाईल, कारण तिथला प्रश्न कधी ताकदीचा नव्हता. नवी गाडी इथल्या चाचणीपट्टीवरून जाताना सिमेंट, दगड आणि पाणी या सगळ्यांतून जाते. त्यात झडीत भिजलेल्या काळ्या मातीचे शंभर मीटर असावेत, आणि ते उकरायची काडी न घेता पार करण्याची अट असावी. ती पार करणाऱ्या गाडीचं मडगार्ड कुठल्याही गावात कुणी काढणार नाही.