साखरशाळा

ऊसतोडणीसाठी स्थलांतर करणाऱ्या मजुरांच्या मुलांकरिता साखर कारखान्यांच्या परिसरात गळीत हंगामापुरत्या भरविल्या जाणाऱ्या शाळांना महाराष्ट्रात साखरशाळा असे म्हणतात. शेतीतील बालमजुरी कमी करण्यासाठी शाळाच मुलांच्या मागोमाग नेण्याचा हा प्रयोग होता. पुढे त्याची जागा मुख्यतः मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहांनी घेतली.

पार्श्वभूमी

बीड जिल्हा, अहिल्यानगर जिल्ह्याचा पाथर्डी-शेवगावकडील भाग, जालना, परभणी हा मुलूख प्रामुख्याने कोरडवाहू आहे. खरिपाची काढणी उरकली की दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील हजारो कुटुंबे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांतील आणि उत्तर कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. नंदुरबार व धुळे जिल्ह्यांतील आदिवासी मजूर दक्षिण गुजरातेत जातात. परतीचा प्रवास साधारणतः गुढीपाडव्याच्या आगेमागे होतो.

शाळेचे वर्ष मात्र जूनमध्ये सुरू होऊन एप्रिलच्या परीक्षेने संपते. त्यामुळे आईवडिलांबरोबर गेलेल्या मुलाचे दुसरे सत्र जवळजवळ संपूर्ण बुडते. पहिल्या सत्रात शिकलेले पुढल्या जूनपर्यंत टिकत नाही. मूल वयाने वाढते आणि वर्गात मागे पडते. अशा मुलाची शाळा एका दिवसात सुटत नाही, दोन-तीन हंगामांत ती झिजत जाते.

मुलांचे काम

ऊसतोडणीत पती-पत्नीच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेली उचल या जोडीच्या नावावर असते आणि तोडलेल्या उसाच्या टनावर ती फिटते. या हिशेबात मुलाचे नाव कोठेच येत नाही. प्रत्यक्षात मूल तोडलेला ऊस गोळा करते, मोळ्या बांधायला हात लावते, वाढे वेचते, बैलांचे चारापाणी पाहते. मुलगी कोपीवर थांबून धाकट्या भावंडांना सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते. तिच्यामुळेच आईचे दोन्ही हात फडात मोकळे राहतात. मुलांचे श्रम अशा रीतीने आईवडिलांच्या टनात मिसळून जातात आणि त्यांना कामावर ठेवणारा मालक कागदावर उमटत नाही.

1986 च्या बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती होऊन 14 वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी झाली. मात्र शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत कुटुंबाच्या कामात मदत करण्यास सवलत राहिली. ज्या फडाजवळ शाळाच नाही, तेथे शाळेनंतरची वेळ कोणती समजायची, याचे उत्तर कायद्यात मिळत नाही.

साखरशाळांचे कार्य

‘जनार्थ’ या संस्थेने व इतर स्वयंसेवी संस्थांनी कारखान्यांच्या परिसरात अशा शाळा चालविल्या. मजुरांच्या तळाजवळच वर्ग भरत असे. वेगवेगळ्या इयत्तांची मुले एकत्र बसत आणि मूल किती शिकले आहे हे पाहून अध्यापन करावे लागे. हंगामात तेथे झालेले शिक्षण गावच्या शाळेने धरले, तरच मुलाचे वर्ष वाचे.

साखरशाळा कोणापर्यंत पोहोचते, हे तोडणीच्या पद्धतीवर अवलंबून असे. बैलगाडीने ऊस वाहणाऱ्या ‘गाडी सेंटर’च्या मजुरांचा तळ कारखान्याजवळ आणि बराचसा स्थिर असतो, तेथे शाळा भरविणे शक्य होते. ‘डोकी सेंटर’च्या टोळ्या मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रक भरतात आणि ऊस संपला की पुढच्या गावी हलतात. त्यांची मुले साखरशाळेच्या आवाक्याबाहेरच राहत.

शिक्षण हक्क कायद्यानंतर

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 हा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक बालकाला वयानुरूप वर्गात प्रवेश देणे आणि मागे पडलेल्यास विशेष प्रशिक्षण देणे त्याने बंधनकारक केले. शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश अडविता येत नाही. यानंतर वेगळ्या साखरशाळांऐवजी मुलांना जवळच्या नियमित शाळेत दाखल करण्याचे धोरण आले. त्यासाठी शिक्षण हमी कार्डही देण्यात येऊ लागले. तत्त्वतः ही प्रगतीच होती, कारण फडावरच्या मुलालाही इतरांसारखीच शाळा मिळावयास हवी. तथापि कोपीपासून शाळा दूर असते, मूल मध्येच येते नि मध्येच जाते, आणि कर्नाटकात पुष्कळदा जवळची शाळा कन्नड माध्यमाची असते. साखरशाळेला किमान मुलाच्या दारापर्यंत जाणे जमत होते.

हंगामी वसतिगृहे

सर्व शिक्षा अभियानातून मूळ गावांत हंगामी वसतिगृहे सुरू झाली. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत मुलांच्या जेवणाची सोय होते. अनेक ठिकाणी मुले रात्री आजी-आजोबांकडे झोपतात. त्यामुळे गावची शाळा तुटत नाही. 2021 साली राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली.

मुलींचा प्रश्न अधिक अवघड आहे. वयात येणाऱ्या मुलीला मागे ठेवण्यास आईवडील कचरतात. तिला सोबत नेतात किंवा लवकर लग्न लावून देतात. लग्न झाले की नवा कोयता तयार होतो आणि उचलही स्वतंत्र मिळते, त्यामुळे बालविवाहाला आर्थिक कारणही जोडले जाते.

वसतिगृहांचे यश वेळेवर ठरते. मुकादमाची वाहने गावात येण्यापूर्वी, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास, स्वयंपाक सुरू झालेला असावा लागतो. मंजुरी किंवा अनुदान दिवाळीनंतर आले, तर तोवर मुले वाहनात बसून फडावर गेलेली असतात.