चालू करून दाखवा, मग बोला

दिवाळीची साफसफाई निघाली की जालन्यातल्या कुठल्या ना कुठल्या घरात माळ्यावरून एक राखाडी डबा खाली येतो. सोबत वायरी गुंडाळलेले दोन रिमोट, टोकाशी तुटलेला अडॅप्टर, एखादी पिवळी कॅसेट आणि नशीब असेल तर प्लास्टिकची बंदूक. घरातलं कोणीतरी ओरडतं, "अरे, आपला व्हिडिओ गेम!" पाच मिनिटं तो या हातातून त्या हातात फिरतो. तोवर गल्लीत भंगारवाल्याची हाक येते आणि डबा तराजूत जातो. प्लास्टिकच्या भावात त्याचे काय येणार? एक बिस्किटपुडा, फार तर दोन.

हे जालन्यात घडावं याचं जास्त वाईट वाटतं. भंगाराची किंमत ओळखणारं असं शहर मराठवाड्यात दुसरं नाही. इथल्या एमआयडीसीतल्या भट्ट्या भंगार वितळवून सळया काढतात. लोखंडाचा आजचा भाव काय, तो कालच्यापेक्षा किती चढला, हे इथे चहाच्या गाड्यावरही कळतं. पण तोच राखाडी डबा दोन महिन्यांनी जुन्या वस्तूंच्या ॲपवर 'रेअर, व्हिंटेज, ओरिजिनल' अशी पाटी लावून हजारांत मागितला जातो, तेव्हा तो वाजवी की अवाजवी हे सांगणारं माणूस शहरात सापडत नाही. एका टोकाला किलोचा भाव, दुसऱ्या टोकाला आठवणींचा भाव, आणि मधला खरा भाव कोणालाच ठाऊक नाही. तो एके काळी ठाऊक होता. कसा, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागतं.

१५ जुलै १९८३ रोजी निन्टेंडोने जपानमध्ये फॅमिकॉम नावाचं यंत्र १४,८०० येनला विकायला आणलं. त्या वेळी जालना जिल्ह्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती. १ मे १९८१ला तो औरंगाबादपासून वेगळा झाला. पुढची आठ-नऊ वर्षं या गोष्टीत जालन्यापुरतं सांगण्यासारखं काही नाही. ज्यांचे नातेवाईक आखातात किंवा मुंबईत, त्यांच्याकडे एखादं यंत्र आलं असेल. बाकीच्यांनी ते पाहिलंही नाही. दरम्यान तैवानमधल्या कारखान्यांनी फॅमिकॉमची हुबेहूब नक्कल करायला घेतली होती. ही नक्कल जगभर वेगवेगळ्या नावांनी गेली: रशियात १९९२पासून डेंडी, पोलंडमध्ये पेगासस, चीनमध्ये श्याओबावांग. आपल्याकडे मीडिया, लिटल मास्टर अशी नावं आली आणि पुढे तर डब्यावर जे छापलं असेल ते नाव. आतला जीव सगळ्यांचा एकच.

१९९३-९४ ते २००३-०४ हे दशक मात्र जालन्याचं होतं.

त्या काळात 'कन्सोल' हा शब्द कोणी उच्चारला नाही. यंत्राला व्हिडिओ गेम म्हणायचे, हातातल्या बटणांना रिमोट, आणि गेमच्या डबीला कॅसेट. डब्याच्या मागची वायर टीव्हीच्या अँटेनाच्या खाचेत लावायची आणि टीव्हीवर रिकामं चॅनल धरून चित्र येईपर्यंत ट्यूनिंग फिरवायचं. हे काम घरातल्या एकाच पोराला जमायचं आणि त्यामुळे त्याचा मान वाढायचा. भोकरदन, मंठा, परतूरकडच्या अनेक घरांत अजून ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. तिथे मारिओही राखाडी आणि आभाळही राखाडी, तरी कोणाचं काही अडलं नाही. शहरात रंगीत टीव्ही आले, त्यांत व्हिडिओकॉन बरेच होते. ते परकेही नव्हते, कारण कंपनीचा कारखाना पैठण रस्त्यावर चितेगावला, म्हणजे शेजारच्याच जिल्ह्यात होता.

गेमही पोरांनी आपल्या नावांनी ओळखले. 'बॅटल सिटी'चं टँक झालं, 'डक हंट'चा बदकांचा गेम झाला, 'सर्कस चार्ली' नुसता सर्कस उरला. कॉन्ट्रा तेवढा कॉन्ट्रा राहिला. तो दोघांनी मिळून खेळायचा आणि एकाची लाइफ संपली की दुसऱ्याकडून उसनी घ्यायची. या उसनवारीवरून भावाभावांत झालेली भांडणं आजही लग्नकार्यात निघतात. मे महिन्यात, बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन आणि कूलरच्या टाकीत टाकायला पाणी नाही अशा दुपारी, एका खोलीत आठ-दहा पोरं आणि दोन रिमोट असायचे. मेला की उठायचं, दुसऱ्याने बसायचं. पंच नेमावा लागत नसे.

या दशकातला एक जुना हिशेब मात्र इथे चुकता करायला हवा. 'व्हिडिओ गेमने टीव्हीची ट्यूब जाते' हे वाक्य मराठवाड्यातल्या प्रत्येक पोराने ऐकलं आणि त्यापायी कित्येक यंत्रं कपाटात कुलूपबंद झाली. एकच स्थिर चित्र तासन्तास, महिनोन्महिने ठेवलं तर पडद्यावर त्याचा डाग उमटू शकतो, हे खरं. पण संध्याकाळी तासभर मारिओ खेळल्याने घरातला टीव्ही जात नव्हता. ट्यूब जायची ती आपल्या वयाने, आणि दोष मात्र गेमवर यायचा.

दुसरा हिशेब '९९९९९९९ इन १' छापलेल्या कॅसेटचा. यादी न संपणारी, प्रत्यक्षात गेम पाच-सहा. तेच वेगळ्या नावाने, वेगळ्या स्टेजपासून सुरू होणारे. तो आकडा छापणाऱ्याने लहान मुलांना फसवलं, याला दुसरा शब्द नाही.

आणि या फसवणुकीतूनच बाजार शहाणा झाला. कॅसेटची अदलाबदल व्हायची ती घरी, टीव्हीसमोर. आधी लावून दाखव, किती गेम खरे आहेत ते मोजू दे, मग बोल. दोन साध्या कॅसेटच्या बदल्यात एक कॉन्ट्रावाली मिळायची. डबा विकायचा असेल तरी तीच रीत: दोन्ही रिमोटची सगळी बटणं दाबून बघायची, अर्धा तास चालू ठेवायचा, गरम होतो का ते हाताने पाहायचं. दर ठरायचा तो वस्तू किती चालते यावर. तिच्या वयावर नाही, खोक्यावर तर नाहीच. खोका बहुधा घरी आणल्या दिवशीच फाटलेला असायचा.

या व्यवहाराचा कणा होता रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा मेकॅनिक. एखाद्या अरुंद गाळ्यात, सोल्डरच्या धुरात बसलेला. त्याला गेम खेळता येत नसे, पण डबा उघडला की दोष दिसायचा. चुकीचा अडॅप्टर लावल्याने बहुतेक वेळा ७८०५ हा व्होल्टेज आवरणारा छोटा भाग जायचा. तो चहाच्या दोन-तीन कपांच्या पैशांत मिळतो आणि पाच मिनिटांत बसतो. रिमोटची वायर प्लगजवळ तुटायची, तिथे टाका मारायचा. बटण दबेना झालं तर आतल्या रबराचा काळा थर पुसायचा. यंत्र मेलं असं कोणी म्हणतच नसे. 'काकाकडे टाकलंय' म्हणायचे. दुरुस्ती स्वस्त, म्हणून जुन्या वस्तूचा भावही आटोक्यात.

त्याच काळात खऱ्या कंपनीचं यंत्रही देशात आलं होतं. १९९५मध्ये शॉ वॉलेसशी करार करून सेगाने मेगा ड्राइव्ह भारतात आणलं, किंमत १८,००० रुपये. त्या वर्षी जालन्यातल्या साध्या नोकरदाराचा कित्येक महिन्यांचा पगार! ते यंत्र इथल्या पोरांनी पाहिलं ते मासिकातल्या जाहिरातीत.

२००४नंतरची वर्षं भराभर सांगावीत अशीच. मराठवाड्यात भारनियमन वाढलं, खेड्यांत दिवसाचे कित्येक तास वीज नसायची आणि खेळ मध्येच तुटायचा. शहरात गेम पार्लर आले, तासावर पैसे घेऊन प्लेस्टेशन टूवर कुस्ती आणि 'क्रिकेट ०७' खेळायला मिळू लागलं. यंत्रात नकली सीडी चालवणारी चिप बसवलेली, सीडी बाजारातली. मजा होती, पण यंत्र दुकानदाराचं होतं, घरातलं नव्हतं. मग मोबाइल आला आणि खोलीतली आठ पोरं आठ पडद्यांकडे वळली. जपानमध्ये निन्टेंडोने सप्टेंबर २००३मध्येच फॅमिकॉम बनवणं थांबवलं होतं. तोवर जगभरात या यंत्राच्या ६ कोटी १९ लाख प्रती खपल्या होत्या. नकला किती खपल्या याचा हिशेब कोणाच्याच वहीत नाही.

आजच्या फुगलेल्या भावांचं मूळ २०२१ सालात आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये सुपर मारिओ ब्रदर्सची एक सीलबंद कॅसेट अमेरिकेत ६ लाख ६० हजार डॉलरला लिलावात गेली, आणि ऑगस्टमध्ये तशीच दुसरी, लिलावाबाहेर, २० लाख डॉलरला. बातमी मोबाइलवरून घरोघर पोहोचली. ज्याच्या माळ्यावर डबा होता त्याला वाटलं, लॉटरी लागली. पण दोन्ही वेळा विकलं गेलं ते न उघडलेलं खोकं होतं. ते उघडून कोणी खेळलं असतं तर किंमत तिथेच कोसळली असती, हे बातमीखाली कोणी लिहिलं नाही. अंबडच्या घरातली, हजार वेळा फुंकर मारून लावलेली कॅसेट त्या बाजारातली नव्हे. (फुंकरेने कॅसेट सुरू होते हा समजही चुकीचाच. काढून पुन्हा लावल्याने ती सुरू व्हायची. फुंकरेतला ओलावा उलट पिना गंजवायचा. पांढऱ्या खोडरबराने पिना हलक्या घासणं हा खरा उपाय.)

'ओरिजिनल' या शब्दानेही मोठा घोळ घातला आहे. जालन्यातल्या चाळिशीच्या माणसाने हौसेने जपानचा खरा फॅमिकॉम मागवला, तर पहिल्या मिनिटाला तो गोंधळतो. मारिओ जरा जास्तच वेगाने पळतो आणि गाण्याचा सूरही वेगळा लागतो. यात त्याची स्मरणशक्ती चुकत नाही. आपल्याकडचे टीव्ही सेकंदाला ५० चित्रांच्या पद्धतीचे, जपानचे ६०च्या. म्हणून इथल्या नकला खेळ थोडा संथ चालवायच्या. आणि तैवानच्या यूएमसी कंपनीने त्यांच्यासाठी बनवलेल्या ६५२७पी या चिपमध्ये आवाजाच्या दोन लहरींची अदलाबदल झालेली होती, त्यामुळे प्रत्येक गेमचा आवाज मूळपेक्षा निराळा यायचा. जालन्याच्या कानांनी ऐकलेला मारिओ हा त्या नकलेचा मारिओ. इथल्या माणसाला हवी असलेली 'ओरिजिनल' वस्तू म्हणजे तीच नक्कल, आणि ती लाखोंनी बनली होती. दुर्मिळ म्हणून तिचे पैसे मागणं सरळ चूक आहे.

मग द्यावेत किती? आज ज्याला घ्यायचं आहे त्याने आधी डब्याचे चार स्क्रू काढायला लावावेत. आतल्या पट्टीवर दोन मोठ्या, लांबट, चाळीस पायांच्या काळ्या चिप बसवलेल्या दिसल्या तर ते जुन्या काळातलं, दुरुस्त होणारं यंत्र. दोन रिमोट आणि अडॅप्टरसह चालू स्थितीत त्याचे हजार-बाराशे रुपये द्यायला हरकत नाही. चिपच्या जागी नुसता काळ्या डांबरासारखा गोळा दिसला तर ते नंतरचं, एका चिपमध्ये सगळं कोंबलेलं स्वस्त यंत्र. तीनशे-चारशेच्या वर जाऊ नये, कारण गोळ्यातला दोष कुठलाही मेकॅनिक काढू शकत नाही. बंद पडलेलं यंत्र 'छोटासा फॉल्ट आहे' म्हणून कोणी विकत असेल तर दोनशेपर्यंतच थांबावं. फॉल्ट खरंच छोटा असता तर विकणाऱ्याने तो काढून घेतला असता. खोकं, छापील माहितीपत्रक, दुकानाची पावती असेल तर त्याचे थोडे वेगळे पैसे द्यावेत. तो त्या वर्षांचा कागदी पुरावा आहे आणि जालन्यात तो फारसा कोणी ठेवला नाही. प्लास्टिक पिवळं पडलं म्हणून भाव पाडू नये, ते उन्हाने आणि वयाने होतंच. पांढरंशुभ्र दिसलं तर मात्र विचारावं, रसायनात बुडवलं का म्हणून.

प्लेस्टेशन टू घ्यायचा तर सगळा प्रश्न लेन्सचा. गेमची सीडी आणि डीव्हीडी दोन्ही लावून बघाव्यात, दहा-दहा मिनिटं. पातळ मॉडेल नीट चालत असेल तर तीन-साडेतीन हजार ठीक.

हे सगळं बघायचं कशावर, ही खरी अडचण आहे. नव्या सपाट टीव्हीवर चित्र येतं, पण बंदूक चालत नाही. बदकावर नेम धरून चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. हे सगळं जुन्या काचेच्या ट्यूबच्या लयीवर बेतलेलं आहे. सपाट पडदा चित्र उशिरा दाखवतो आणि त्याच्या उजेडाला ती लय नसते, त्यामुळे बंदूक आंधळी होते. बदकं उडून जातात आणि गेममधला कुत्रा हसत राहतो. विकणारे हे सांगत नाहीत. बंदुकीचे वेगळे पाचशे तेवढे लावतात.

ट्यूबचे टीव्ही तर डब्याच्याही आधी भंगारात गेले. व्हिडिओकॉन २०१८मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. तरी घनसावंगी, जाफराबादकडे एखाद्या घरात, कापडाचं झाकण घातलेला एकवीस इंची टीव्ही कोपऱ्यात अजून उभा असतो. गेम घ्यायला गेलेल्याने त्यावरच तो चालवून बघावा, दोन रिमोट, बंदूक, अर्धा तास. आणि घरचे देत असतील तर तो टीव्हीही सोबत मागावा, गाडीभाडं पडलं तरी. त्याचे पाचशे वेगळे, घासाघीस न करता.