मदरबोर्ड ‘मेला’ म्हणजे काय? वऱ्हाडातील परिस्थितीच्या संदर्भात लॅपटॉपच्या दोषनिदानाचा विचार

कळ दाबली असता दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, पडदा काळाच राहतो. अशा वेळी अमरावती-अकोल्याकडील दुरुस्तीच्या दुकानातून पुष्कळदा एकच निकाल ऐकावयास मिळतो : ‘बोर्ड उडाला.’ या निकालात दोष कोठे आहे हे सांगितलेले नसते. यंत्र चालत नाही, ही मालकाला आधीच ठाऊक असलेली गोष्ट त्याला पुन्हा सांगितलेली असते. पाठोपाठ बोर्ड बदलण्याचा सल्ला येतो. संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा सल्ला केवळ खर्चाचा नाही. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपांत साठवणीतील मजकूर सांकेतिक रूपात ठेवलेला असतो आणि तो उलगडणारी किल्ली मूळ बोर्डावरील सुरक्षा-चिपेत, किंवा प्रोसेसरच्याच अंगभूत भागात, बंदिस्त असते. बिटलॉकरची ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली जपून ठेवलेली नसेल तर बोर्ड बदलल्यावर साठवण पूर्ण शाबूत असूनही तीन-चार वर्षांच्या नोंदी आणि प्रबंधाची प्रकरणे वाचता येत नाहीत. म्हणून मूळ बोर्ड पुन्हा चालता करणे शक्य आहे काय, हा प्रश्न आधी सोडविला पाहिजे.

त्यासाठी बोर्ड चालू होतो म्हणजे नेमके काय घडते, हे पाहणे अवश्य आहे. ही क्रिया एकदम होत नाही. ती एक क्रमबद्ध साखळी आहे आणि मागची कडी पुरी झाल्यावाचून पुढची सुरू होत नाही. ॲडॅप्टरकडून येणारा सुमारे १९ व्होल्टचा दाब प्रथम प्रवेश-मॉस्फेटांपाशी अडविला जातो. चार्जर-चिपेने तो दाब योग्य आहे अशी खात्री करून घेतल्यावरच तो बोर्डाच्या मुख्य वाहिनीवर येतो. तेथून ३.३ व ५ व्होल्टचे सदा-जागृत दाब तयार होतात आणि त्यांवर एम्बेडेड कंट्रोलर नावाची लहानशी चिप जागी राहते. बोर्डाचा द्वारपाल तीच. मालक जी कळ दाबतो तिचा संबंध प्रोसेसरशी नसून या द्वारपालाशी असतो. त्याने चिपसेटला इशारा दिला म्हणजे चिपसेट निद्रा-संकेत एकामागून एक मागे घेतो, मग स्मृतीचा दाब (डीडीआर-४ मध्ये १.२ व्होल्ट, डीडीआर-५ मध्ये १.१ व्होल्ट), चिपसेटचे स्वतःचे दाब आणि शेवटी प्रोसेसरचा गाभा-दाब उभा राहतो. प्रत्येक नियामक आपला दाब स्थिरावल्याची पोच देतो. सर्व पोचा मिळाल्यावर रीसेट सुटतो आणि प्रोसेसर बायॉस-चिपेतील पहिली आज्ञा वाचतो.

‘मेलेला’ बोर्ड म्हणजे या साखळीत कोठेतरी थबकलेला बोर्ड, अशी व्याख्या स्वीकारली की निदानाचा प्रश्न सोपा होतो : शेवटची पुरी झालेली कडी कोणती आणि पहिली अपुरी कोणती? दोष या दोहोंच्या मध्ये, किंवा अपुऱ्या कडीवर भार टाकणाऱ्या एखाद्या भागात असतो.

बोर्ड उघडण्यापूर्वीची तपासणी थोडक्यात आटोपता येते. ॲडॅप्टर दुसरा लावून पाहावा. बॅटरी अलग करून कळ अर्धा मिनिट दाबून धरावी. स्मृतीचा पत्ता काढून पुन्हा बसवावा. यूएसबी-सी मार्गाने वीज घेणाऱ्या यंत्रात मोजमापक मध्ये लावल्यास फार उपयोग होतो. तेथे आरंभी केवळ ५ व्होल्ट येतात आणि ॲडॅप्टर व यंत्र यांच्यातील वाटाघाटीनंतरच दाब वाढतो. मापक ५ व्होल्टवरच अडकून राहिला तर ती बोलणीच होत नाहीत, असे समजावे.

पुढचे काम प्रवाह-मापक असलेल्या प्रयोगशाळेतील वीजपुरवठ्यावर करावे. १९ व्होल्ट दिले असता प्रवाह शून्यच राहिला तर वीज आत शिरतच नाही. पुरवठा आपल्या मर्यादेला टेकून दाब कोसळला तर कोठेतरी शॉर्ट आहे. साधारणतः ०.०१ ते ०.०४ ॲम्पिअर प्रवाह दिसला तर सदा-जागृत भाग बहुधा ठीक असून कळीकडे आणि द्वारपालाकडे पाहावयास हवे. कळ दाबल्यावर प्रवाह चढून लगेच खाली आला, तर पुढचा एखादा नियामक पोच देत नाही. चिपसेटच्या घड्याळाचा ३२,७६८ हर्ट्झचा स्फटिक बंद पडल्यानेही बोर्ड निपचित राहतो. ही गोष्ट अनुभवी माणसेही विसरतात.

शॉर्ट शोधण्याची रीत विशेष मनोरंजक आहे. चिनीमातीच्या लहान कपॅसिटरला तडा गेला की त्याचे थर एकमेकांस टेकतात आणि संपूर्ण वाहिनी जमिनीशी जोडली जाते. त्या वाहिनीवर तिच्या नेमस्त दाबाहून कमी, सुमारे १ व्होल्टचा दाब प्रवाहाची मर्यादा घालून द्यावा आणि वरून आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरावे. जेथे ते प्रथम सुकते तेथे दोषी भाग तापत असतो. काही पैशांच्या त्या कपॅसिटरपायी हजारो रुपयांचा बोर्ड टाकून दिला जातो. मात्र येथे एक सावधगिरी अवश्य आहे. प्रोसेसरच्या गाभा-वाहिनीचा रोध मुळातच फार कमी, काही ओहम किंवा त्याहूनही अल्प असतो. मल्टिमीटरचा पिंपिं आवाज ऐकून तेथे शॉर्ट आहे असे ठरविणे ही नवशिक्याची ठरलेली चूक होय.

वऱ्हाडातील हवामान व जमीन यांचा या दोषांशी असलेला संबंध दुर्लक्षिण्याजोगा नाही. मे महिन्यात अकोल्याचे तपमान ४५ अंशांपलीकडे जाते. आतील भागांना थंड करणारी हवाच मुळी तापलेली असते. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या परिसरातील तंतू पंख्यामागील जाळीत बसून नमद्यासारखा थर धरतात. त्याने नियामकांचे मॉस्फेट वर्षानुवर्षे अधिक तापतात आणि अखेर एखादा निकामी होतो. याहून सूक्ष्म कारण काळ्या मातीत आहे. ही माती ओली असताना विजेला चांगली वाट देते. उन्हाळ्यात मात्र ती आकसून भेगाळते व पुरलेल्या अर्थिंगच्या कांबीशी तिचा स्पर्श तुटतो. तीन पिनांच्या ॲडॅप्टरला जमीन मिळाली नाही की गाळणी-कपॅसिटरांमुळे यंत्राच्या धातूच्या अंगावर मुख्य दाबाच्या जवळपास निम्मा दाब तरंगू लागतो. प्रवाह अत्यल्प असल्याने हाताला केवळ झिणझिण्या येतात. परंतु अशा स्थितीत प्रक्षेपकाची तार जोडताना तो दाब संकेत-वाहिन्यांतून वाट काढू शकतो आणि तिच्या टोकाशी असलेली नाजूक चिप बळी पडते. वसतिगृहांतील दोन पिनांच्या जोडण्या याच प्रकारात मोडतात.

गरम हवा सोडून चिप ‘जिवंत’ करण्याची जी प्रथा बोकाळली आहे तिच्याविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. युरोपात २००६ पासून शिशावर निर्बंध आल्यावर सर्वत्र शिसेरहित डाख रूढ झाला. त्याचा वितळण्याचा बिंदू सुमारे २१७ अंश आहे, जुन्या शिसे-कथिल डाखाचा १८३. तितक्या तापमानाला न पोहोचता दिलेल्या उष्णतेने डाख वितळत नाही. चिपेच्या आतील सूक्ष्म जोड तेवढे फुगून काही दिवस पुन्हा टेकतात. यंत्र चालू होते, मालक पैसे देतो, आणि आठवड्या-पंधरवड्याने तोच दोष परत येतो. दरम्यान मूळ खुणा पुसल्या गेल्याने खरे निदान अधिक अवघड होऊन बसते.

प्रोसेसर किंवा चिपसेट स्वतःच आतून शॉर्ट झाला असेल तर मात्र मोजमापाचा मार्ग तेथेच थांबतो. बदली बोर्डावर मूळ बायॉस-चिप बसविली तरी प्रोसेसरमध्ये बंदिस्त असलेली किल्ली तिच्याबरोबर येत नाही. तसा बोर्ड सुट्या भागांसाठी तेवढा उपयोगी पडतो. त्यावरील मॉस्फेट व नियामक तशाच दुसऱ्या बोर्डाला लावता येतात. एम्बेडेड कंट्रोलर घ्यावयाचा असेल तर तो त्याच नमुन्याच्या बोर्डाचा असावा लागतो, कारण पुष्कळ नमुन्यांत त्याची आज्ञावली त्याच्या पोटातच असते आणि दुसऱ्या नमुन्याचा द्वारपाल या बोर्डाचे संकेत ओळखत नाही.